बांधकामाच्या जागेवरची झाडे: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे पुनर्विकास, नवे बांधकाम आणि त्या जागेवर आधीपासून उभ्या असलेल्या झाडांविषयीची आहेत. त्यांतील पाच पत्रे निवडून, थोडी संक्षिप्त करून येथे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे वगळली आहेत.

प्रश्न: आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाचे काम लवकरच सुरू होणार आहे. आवारात फाटकाजवळ एक जुना पर्जन्यवृक्ष असून त्याच्या बुंध्याचा घेर अडीच मीटर भरतो. ‘या झाडाला हात लावणार नाही’ असे विकासकाने लेखी दिले आहे आणि बुंध्याभोवती गोणपाट व पत्रा गुंडाळण्याचेही मान्य केले आहे. एवढे पुरेसे आहे का?
संस्थेचे सचिव, एरंडवणे, पुणे

उत्तर: पुरेसे नाही. गोणपाट आणि पत्रा यांमुळे बुंध्याची साल शाबूत राहते, मागे येणारा ट्रक आपटून होणारी जखम टळते, आणि तेवढ्यापुरते ते काम योग्यच आहे. परंतु बांधकामामुळे मरणारी बहुतेक मोठी झाडे सालीच्या जखमांनी मरत नाहीत, त्यांचा घात जमिनीखाली होतो. मोठ्या झाडाची मुळे फार खोल गेलेली असतात अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात पाणी आणि अन्नद्रव्ये शोषून घेणारी बारीक मुळे मुख्यतः वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात, कारण मुळांना लागणारी हवा तेथेच भरपूर मिळते, आणि ही मुळे फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत पसरलेली असतात. रेडिमिक्स काँक्रीटची भरलेली गाडी पंचवीस टनांच्या घरात जाते. अशी गाडी ओल्या मातीवरून गेली की मातीतील पोकळ्या दाबल्या जातात, त्यांतून पाणी मुरत नाही, हवा खेळत नाही, आणि यातील बहुतेक नुकसान पहिल्या काही फेऱ्यांतच होऊन जाते. म्हणून ‘एक-दोनदाच गाडी न्यायची आहे’ हे समर्थन मान्य करू नये.

किती जागा राखायची, यासाठी ब्रिटनच्या बांधकामविषयक मानकातील एक नियम जगभर वापरला जातो: जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर बुंध्याचा जो व्यास असेल त्याच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ झाडासाठी राखून ठेवायचे. व्यास मोजण्यापेक्षा घेर मोजणे सोपे असल्याने हिशेब असा करावा की, घेर मीटरमध्ये मोजून त्याला 3.8 ने गुणले की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. आपल्या पर्जन्यवृक्षासाठी ती साडेनऊ मीटर येते, म्हणजे सुमारे 280 चौरस मीटर जमीन. आकडा मोठा आहे हे मान्य आहे. शहरातील भूखंडावर पूर्ण वर्तुळ क्वचितच मिळते. एका बाजूला ते थोडे आत घ्यावे लागले तर दुसऱ्या बाजूला तेवढीच जागा वाढवून देता येते, मात्र बुंध्यालगतची जाड मुळे, ज्यांच्या आधारावर झाड वाऱ्यात उभे राहते, ती कोणत्याही बाजूने तुटता कामा नयेत.

या वर्तुळाच्या कडेने जमिनीत रोवलेल्या बल्ल्यांवर पत्र्याचे पक्के कुंपण उभारावे आणि ते जुनी इमारत पाडण्याच्या आधी उभारावे. पाडकामाचा राडारोडा ओतायला सगळ्यांत सोयीची जागा झाडाखालचीच असते. मजुरांच्या झोपड्या, सळया वाकवण्याचे बाकडे, क्रश सँडचा ढीग आणि सिमेंटच्या गोण्यांची थप्पी यांनाही सावली हवी असते. मिक्सर धुतलेले पाणी झाडाखाली सोडले जाते ते वेगळेच. सिमेंटचे पाणी अल्कधर्मी असल्याने मातीतील लोह मुळांना मिळेनासे होते आणि पाने पिवळी पडू लागतात. कुंपणाच्या आत यांपैकी काहीही येऊ नये, ही अट आराखड्याच्या नकाशावर वर्तुळ आखून आणि करारनाम्यात शब्दांत, अशा दोन्ही ठिकाणी असावी.

आता खरा मुद्दा. झाड वाचणार की नाही याचा निर्णय बहुतांशी वास्तुविशारदाच्या टेबलावर होतो, जागेवर नव्हे. उंच इमारतीभोवती अग्निशमन दलाची गाडी फिरण्यासाठी सहा मीटर रुंदीचा पक्का मार्ग सोडावा लागतो, आणि जुन्या संस्थांमधील बहुतेक झाडे कुंपणभिंतीच्या कडेने, नेमकी त्याच पट्ट्यात असतात. तळघरातील वाहनतळ भूखंडाच्या हद्दीपर्यंत ताणला की उरलेली झाडेही जातात. यावर उपाय आहेत, पण ते आराखडा कागदावर असतानाच करता येतात: तळघर एका बाजूने आत घेणे, प्रवेशमार्ग दुसऱ्या बाजूला नेणे, आणि मोठ्या भूखंडावर नियमानुसार जी खुली जागा सोडावीच लागते ती जिथे झाडे आहेत तिथेच दाखवणे. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. ती कोपऱ्यात उरल्यासुरल्या जागी दाखवायची की जुन्या झाडांभोवती, हे संस्थेने आग्रहाने विचारले पाहिजे.

पुनर्विकासासाठी राज्य शासनाने 4 जुलै 2019 रोजी दिलेल्या कार्यपद्धतीनुसार संस्थेने प्रकल्प सल्लागार नेमून निविदा काढायची असते. झाडांची यादी, प्रत्येकाचा घेर, नकाशावरील नेमकी जागा आणि छायाचित्रे त्या निविदेलाच जोडावीत, म्हणजे विकासक आपली इमारत झाडे गृहीत धरून मांडेल. सगळीच झाडे वाचवू, असे आश्वासन मागू नये आणि कोणी दिले तर त्यावर विसंबूही नये. चाळीस झाडांच्या आवारात आठ-दहा निरोगी, दीर्घायुषी झाडे निवडून त्यांना संपूर्ण संरक्षण देणे हे चाळीसही झाडांना अर्धवट संरक्षण देऊन सगळी गमावण्यापेक्षा कितीतरी बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट करारनाम्यात हवी. मुळे दुखावलेले झाड लगेच वाळत नाही. साठवलेल्या अन्नावर ते दोन-तीन पावसाळे काढते, मग शेंड्याकडच्या फांद्या सुकू लागतात, पाने लहान आणि विरळ येतात, आणि तोवर सदनिकांचा ताबा देऊन विकासक पुढच्या कामाला लागलेला असतो. रेरा कायद्याने इमारतीच्या बांधकामातील दोषांची जबाबदारी ताब्यानंतर पाच वर्षे विकासकावर ठेवली आहे. त्याच धर्तीवर झाडांसाठी काही रक्कम पाच वर्षे अनामत ठेवून घ्यावी. कायद्याने ती बंधनकारक नाही, परंतु करारात मान्य झाली तर बंधनकारकच ठरते.

प्रश्न: 2019 च्या पुरात आमच्या घरात पाणी शिरले होते, त्यामुळे आता नवे घर उंच जोत्यावर बांधत आहोत आणि अंगणातही अडीच फूट भराव टाकणार आहोत. अंगणात आजोबांच्या वेळची चिंच आहे. गवंडी म्हणतात की बुंध्याभोवती गोल पार बांधून घेऊ, म्हणजे झाड शोभूनही दिसेल. हे योग्य होईल का?
एक वाचक, सांगली

उत्तर: कृपया असे करू नये. गवंडी म्हणतात तो पार बुंध्याभोवती चार-पाच फुटांचा होईल आणि त्याच्या बाहेर सगळीकडे अडीच फूट मुरूम दाबून भरला जाईल. ज्या मुळांना आजवर वरच्या थरातून हवा मिळत होती, ती अचानक तीन-साडेतीन फूट खोल गाडली जातील. वर रोलर फिरवला तर मुळे गुदमरतील. शिवाय पाराच्या आत माती भरली तर बुंध्याची साल सतत ओली राहून कुजते आणि बुरशी व वाळवी यांना वाट मिळते. बुंधा जमिनीत शिरताना जिथे रुंदावतो तो भाग नेहमी उघडा असला पाहिजे. आपल्या चिंचेजवळ उभे राहून तो भाग आज पाहून घ्यावा आणि त्याची खूण करून ठेवावी. ती पातळी कधीही बदलू नये.

पुरापासून संरक्षण घराला हवे आहे, अंगणाला नव्हे. चिंच पुराच्या पाण्यात काही दिवस उभी राहिली तरी सहसा सावरते, आणि आपली चिंच 2019 मध्ये ते सिद्ध करून चुकली आहे. म्हणून जोते हवे तेवढे उंच करा, घरापर्यंत पायऱ्या किंवा उतार बांधा, आणि चिंचेभोवतालचे अंगण आहे त्या पातळीवर राहू द्या. भराव अगदी अटळ असेल तर तो झाडाच्या फांद्यांच्या घेराबाहेर थांबवून तेथे सांधे न भरता दगडांची कोरडी भिंत रचावी, म्हणजे पाणी निथळेल. पाराची हौस असेल तर बसण्यासाठी दगडी फरशा जमिनीवरच मोकळ्या मांडाव्यात, त्यांखाली काँक्रीट घालू नये.

प्रश्न: शेजारच्या भूखंडावर तळघरासाठी पोकलेनने खोदाई झाली. हद्दीपासून जेमतेम दोन मीटरवर असलेल्या आमच्या हापूसच्या झाडाची त्या बाजूची मुळे तुटली आहेत. खड्ड्याच्या भिंतीत ती लोंबताना दिसतात. आता काय करता येईल? माळी म्हणतो की फांद्या निम्म्या छाटून टाका.
एक वाचक, नाशिक

उत्तर: छाटणी करू नका. मुळे कमी झाली म्हणून पानेही कमी करावीत हा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु नवी मुळे फुटण्यासाठी लागणारे अन्न पानांतच तयार होते, आणि दुखावलेल्या झाडाची पाने काढून घेणे म्हणजे त्याची कमाई बंद करणे होय. वाळलेल्या फांद्या तेवढ्या काढाव्यात.

आज करायचे काम खड्ड्याच्या बाजूला आहे. पोकलेनच्या बकेटने मुळे कापली जात नाहीत, ती ओढून फाडली जातात आणि त्यांची चीर बुंध्याच्या दिशेने आत जाते. शेजाऱ्यांशी बोलून, खड्ड्याच्या कडेची सुरक्षितता पाहून, ही फाटकी टोके धारदार करवतीने निरोगी भागापर्यंत सरळ कापून घ्यावीत. त्यांवर डांबर किंवा रंग लावू नये. नंतर तो उघडा भाग ओल्या गोणपाटाने झाकून, भिंत बांधून मागे माती भरली जाईपर्यंत गोणपाट ओला ठेवावा. उन्हात उघडी पडलेली बारीक मुळे काही तासांतच वाळतात, त्यामुळे हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. आपल्या बाजूला, बुंध्यापासून दूर, मातीवर तीन-चार इंच पालापाचोळ्याचे आच्छादन घालून पाणी सावकाश आणि खोलवर मुरेल असे द्यावे. तळघराच्या खड्ड्यातून पंपाने पाणी उपसले जात असेल तर आसपासची भूजल पातळीही खाली जाते, तेव्हा पुढचे दोन उन्हाळे पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे लागेल. ते वर्ष-दोन वर्षे खत घालू नये.

एका बाजूची आधाराची मुळे गेल्यामुळे पावसाळ्यातील वादळी वाऱ्यात झाड विरुद्ध बाजूला, म्हणजे कदाचित आपल्याच घरावर, कलंडण्याचा धोका आहे. बुंध्याच्या पायथ्याशी मातीला भेग पडलेली दिसली किंवा वाऱ्यात जमीन उचलल्यासारखी हलली, तर लगेच महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवून जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी. कायद्याच्या दृष्टीने पाहता, 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमात ‘झाड तोडणे’ या संज्ञेत झाड जाळणे, कापणे आणि कोणत्याही प्रकारे त्याला इजा करणे हे सर्व येते. त्यामुळे मुळांच्या नुकसानीची लेखी तक्रार वृक्ष अधिकाऱ्याकडे करता येते. खड्डा बुजण्याआधी छायाचित्रे काढून ठेवावीत, त्यांत मोजपट्टी दिसली पाहिजे.

प्रश्न: आमच्या रस्त्यावरील एका प्रकल्पात अकरा झाडांवर महापालिकेची सूचना लागली आहे. चार तोडणार आणि सात ‘पुनर्रोपित’ करणार, असे तीत लिहिले आहे. पुनर्रोपण होणार म्हणून हरकत घेण्याचे कारण नाही, असे काही रहिवासी म्हणतात.
एक वाचक, ठाणे

उत्तर: हरकत अवश्य घ्यावी. अशा सूचनेत हरकतीसाठी दिलेली मुदत साधारणतः सात दिवसांची असते, म्हणून चर्चा लांबवू नये. परवानगी मिळाल्यानंतरही पंधरा दिवस झाड तोडता येत नाही. तो अवधी नागरिकांना दाद मागता यावी यासाठीच उपयोगी पडतो.

पुनर्रोपण हा शब्द ऐकायला दिलासा देणारा आहे, पण त्याचा निकाल झाडाची जात, वय आणि केलेली तयारी यांवर अवलंबून असतो. नारळासारखी तंतुमय मुळांची झाडे बरीच तग धरतात. वड, पिंपळ, उंबर ही मंडळी फांदीपासूनही मुळे फोडू शकत असल्याने त्यांची आशा धरता येते. जुना आंबा, जांभूळ, चिंच, बकुळ किंवा घेराने मोठा पर्जन्यवृक्ष यांच्या बाबतीत मात्र फार सावध राहावे. नीट पुनर्रोपण करायचे तर झाडाभोवती टप्प्याटप्प्याने चर खोदून, मुळे कापून, त्या चरात नवी तंतुमुळे येऊ देण्यासाठी काही महिने थांबावे लागते. नंतर मातीचा मोठा गोळा गोणपाटात घट्ट बांधून क्रेनने उचलावा लागतो आणि पुढे निदान दोन-तीन वर्षे पाणी द्यावे लागते. प्रत्यक्षात काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे: ऐन एप्रिलमध्ये एका दिवसात झाड उपटले जाते, सगळ्या फांद्या छाटून नुसता खुंट ट्रकवर आडवा घातला जातो आणि दूरच्या एखाद्या मैदानाच्या कडेला पुरला जातो. ही तोडच आहे, फक्त सावकाश होणारी.

हरकतीत ‘झाडे वाचवा’ एवढेच लिहू नये. प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात, घेर आणि छायाचित्र द्यावे, आणि प्रत्येकासाठी वेगळे विचारावे की, हे झाड नेमके इमारतीच्या कोणत्या भागाला अडते? मंजूर नकाशात ते इमारतीच्या पायाच्या बाहेर, नुसत्या मोकळ्या सोडलेल्या जागेत असेल तर ते तोडण्याचे वा हलवण्याचे कारण काय? पुनर्रोपणाची जागा कोणती, तेथे पाण्याची सोय आहे का, तयारीचा चर केव्हा खोदला, आणि मागील प्रकल्पांत त्याच कंत्राटदाराने हलवलेल्या झाडांपैकी आज किती जिवंत आहेत? शेवटचा प्रश्न माहिती अधिकारातही विचारावा. झाडांच्या संरक्षणाच्या 1975 च्या अधिनियमातील 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे, तेव्हा अकरांपैकी कोणते झाड त्यात बसते याची विचारणा करावी. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अटही त्याच दुरुस्तीने आणली. ती अट चांगली आहे. परंतु चाळीस वर्षांच्या एका झाडाच्या बदल्यात गावाबाहेर लावलेली चाळीस रोपे आपल्या रस्त्यावर सावली देणार नाहीत, हेही हरकतीत जरूर नोंदवावे.

प्रश्न: मी एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनिअर आहे. आमच्या जागेवर पाच झाडे राखायची आहेत आणि मला ती मनापासून वाचवायची आहेत. रोजच्या कामात काय पाहावे?
एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर: आपल्यासारखी व्यक्ती जागेवर असणे हेच त्या झाडांचे सगळ्यांत मोठे संरक्षण आहे. खोदाईपुरते बोलायचे तर, झाडाच्या बाजूला उताराचा मोकळा खड्डा न घेता आधी शोअर पायलिंग (खड्ड्याच्या कडेने जमिनीत उभ्या खांबांची आधारभिंत) करून घेतल्यास खड्ड्याची कड सरळ उभी राहते आणि मुळांचा कित्येक फुटांचा पट्टा वाचतो. हा खर्च कंपनीला पटवताना खचलेल्या कुंपणभिंतीचा खर्चही समोर मांडावा. गाड्यांना राखीव वर्तुळातून जाण्यावाचून गत्यंतरच नसेल तर मातीवर जाड जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे कृत्रिम कापड), त्यावर सहा इंच लाकडाचा भुसा किंवा चिप्स आणि त्यावर पोलादी प्लेटा टाकून तात्पुरता मार्ग करावा. मुरूम टाकून रोलर फिरवू नये.

आपल्या कामाचा खरा कस मात्र इमारत उभी राहिल्यानंतर लागतो. वर्षभर कुंपण सांभाळले जाते, आणि भोगवटा प्रमाणपत्राची घाई सुरू झाली की ते काढून टाकून जलवाहिनी, सांडपाण्याची वाहिनी, वीज आणि इंटरनेटच्या केबल यांचे चर एकामागून एक थेट बुंध्याजवळून खणले जातात, कारण प्रत्येक उपकंत्राटदाराकडे आपापला स्वतंत्र नकाशा असतो आणि त्यांपैकी एकातही झाड दाखवलेले नसते. या सर्व वाहिन्या एकाच चरात, वर्तुळाबाहेरून न्याव्यात. आतून नेणे अटळ असेल तर यंत्र न लावता हाताने खणून, एका इंचाहून जाड मुळे न तोडता त्यांखालून पाइप सरकवावा, किंवा मुळांच्या थराखालून आडवे भोक पाडून पाइप ओढून घ्यावा.

त्यानंतर बागकामाचा कंत्राटदार येतो. लॉन लावण्यासाठी तो आधी जमीन खरवडतो, त्यावर सहा इंच लाल माती पसरतो आणि बुंध्याला लागून फरसबंदी करतो. दिल्लीतील झाडांविषयीच्या एका प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2013 मध्ये झाडांभोवती किमान एक मीटर परिसर काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. तो रस्त्याकडेच्या झाडांसाठीचा किमान निकष होता, मोठ्या झाडाला याहून बरीच जास्त मोकळी जमीन लागते. आपल्या पाच झाडांखाली लॉन नको, रोजचे तुषार सिंचनही नको. गळालेली पाने तेथेच पडू द्यावीत. पेव्हर ब्लॉक घालायचेच असतील तर ते वाळूच्या थरावर, सांधे मोकळे ठेवून, खाली काँक्रीट न घालता बसवावेत, आणि त्यांची पातळी आजच्या मातीच्या पातळीपेक्षा खाली जाऊ देऊ नये, कारण चार इंच माती खरवडली तरी बारीक मुळांचा मोठा भाग तिच्याबरोबर निघून जातो. ही पातळी झाडाशेजारच्या एखाद्या खुंटीवर रंगाने दाखवून ठेवावी आणि आपली बदली झाली तर येणाऱ्या इंजिनिअरला ती जागेवर नेऊन दाखवावी.